एंडोमेट्रिओसिसवरचं औषध: संशोधन इतकी वर्षं कुठे अडकलं?

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजकोशांवर, आतड्यांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर रुजतात, तिथे दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. जननक्षम वयातल्या साधारण १० टक्के बायकांना हा आजार असतो. तरीही आजवरची जवळपास सगळी औषधं एकाच कल्पनेतून आली: या पेशींना वाढवणारं स्त्री-हार्मोन इस्ट्रोजेन दाबा.

१९२० च्या दशकात अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी मांडलं, की पाळीचं थोडं रक्त बीजवाहिन्यांतून उलटं पोटात उतरतं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. मग पाळीच थांबवून पाहू, असा विचार पुढे आला. १९५० च्या दशकात अमेरिकेतलेच डॉक्टर रॉबर्ट किस्टनर यांनी हार्मोन्स देऊन गरोदरपणासारखी अवस्था आणली. १९७० च्या दशकात डॅनाझॉल हे हार्मोनसारखं औषध आलं. दुखणं कमी व्हायचं, पण ओठांवर लव यायची, आवाज घोगरा व्हायचा, आणि तो कधी कधी पूर्ववत होतच नसे. नंतरच्या, बीजकोशांचं इस्ट्रोजेन बनवणंच थांबवणाऱ्या जीएनआरएच गटातल्या इंजेक्शनांनी हाडांची घनता घटू लागली. मूल हवं असलेल्या बाईला तर यातलं काहीच सोयीचं नव्हतं.

दुसरी वाट सापडायला उशीर झाला, याचं एक कारण प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात आहे. नेहमीच्या उंदरांना पाळी येत नाही, त्यामुळे हा आजारही आपोआप होत नाही. १९८५ मध्ये एक पद्धत पुढे आली: मादीच्या गर्भाशयाचा छोटा तुकडा कापायचा आणि तिच्याच आतड्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर टाके घालून बसवायचा. तुकडा रुजतो, फुगतो, औषधाने तो किती आकसला हे मोजता येतं. पण बाई डॉक्टरकडे जाते ती दुखतं म्हणून, आणि गाठ केवढी यावरून दुखणं किती हे ठरत नाही. माझ्या मते खरी वर्षं गेली ती इथे. बबून माकडिणींना पाळी येते, आजारही होतो. पण त्यांच्यावरचे प्रयोग फार खर्चिक आणि नैतिकदृष्ट्या अवघड.

अलीकडे मात्र हार्मोनपलीकडचे प्रश्न विचारले जाताहेत. एडिनबर्गमध्ये अँड्र्यू हॉर्न यांच्या गटाला रुग्णांच्या ओटीपोटातल्या पडद्याच्या पेशी जास्त लॅक्टेट (साखरेपासून ऊर्जा मिळवताना बनणारा पदार्थ) तयार करताना दिसल्या. डायक्लोरोॲसिटेट या जुन्या औषधाने ते घटलं आणि उंदरांतल्या गाठीही लहान झाल्या. २०२३ मध्ये जपानमधल्या नागोयाच्या संशोधकांना ६४ टक्के रुग्णांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम हा जिवाणू सापडला, आणि प्रतिजैविकांनी उंदरांतल्या गाठी कमी झाल्या. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात लिंडा ग्रिफिथ, ज्यांनी स्वतः हा आजार भोगला आहे, रुग्णांच्याच पेशी जेलमध्ये वाढवून त्यांच्यावर औषधं तपासण्याच्या पद्धती उभारताहेत.