मागच्या चाकाची घरघर: एका आवाजाची पार्श्वभूमी

‘मागून आवाज येतोय’ एवढंच सांगून गाडीमालक मोकळा होतो. त्या ‘मागून’मध्ये टायर, बेअरिंग, ब्रेक, डिफरन्शियल, शाफ्ट असे सगळेच येतात. यातला कुठला भाग कशासाठी गाडीत आला हे ठाऊक असलं, की निम्मं निदान बसल्या जागी होतं.

कार्ल बेंझच्या 1886 च्या तीनचाकीत मागची दोन्ही चाकं साखळ्यांवर फिरत. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल तिच्यातही होतं. त्याची कल्पना पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी आधीच मांडलेली. साखळी खडखडायची, पण ती उघड्यावर असल्याने दोष डोळ्यांना दिसे.

1898 मध्ये लुई रेनॉने साखळीऐवजी ताकद मागे नेणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, आणला. खडखडाट गेला, पण दुखणं झाकणाआड गेलं. स्प्रिंगवरचा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) खालीवर होणार, म्हणून शाफ्टला कोन बदलला तरी फिरत राहणारे युनिव्हर्सल जॉइंट लागले. त्यांच्या क्रॉसमधलं (अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्यातलं) ग्रीस वाळलं की हळू वेगात ‘चिक-चिक’ सुरू होते. ढिलाई वाढली की रिव्हर्समधून पुढे जाताना ‘टण्’ असा ठोका बसतो. चाकाच्या एका फेऱ्यात हा शाफ्ट साधारण तीन-चार वेळा फिरतो. त्यामुळे चिकचिक चाकापेक्षा भरभर येत असेल तर चाक खोलण्याआधी शाफ्ट हलवून बघावा.

खरी डोकेदुखी क्राऊन-पिनियनची: शाफ्टच्या टोकाचं लहान दातेरी चाक म्हणजे पिनियन, आणि ते फिरवतं ते डिफरन्शियलचं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राऊन. सरळ दात्यांचे गिअर एकदम भिडत आणि ओरडत. अमेरिकेच्या पॅकार्ड मोटार कंपनीने 1913 मध्ये तिरपे, वळणदार दाते घेतले आणि 1926 मध्ये हायपॉइड गिअर: पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली सरकवलेला. शाफ्ट खाली गेला, गाडीचा तळ खाली आला, आवाजही मऊ झाला. मात्र असे दाते एकमेकांवर घासत सरकतात. साध्या तेलाचा थर तिथे टिकत नाही, प्रचंड दाब सोसणारं तेलच लागतं. चुकीचं तेल भरून वाजायला लागलेला डिफरन्शियल नंतर योग्य तेलाने गप्प होईल ही आशा बहुधा फोल ठरते. आवाज अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरा येत असेल तर संशय इथेच, कारण दाब दात्याच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातो. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, तेव्हा बदलायचे तर जोडीनेच. शिम (पातळ चकत्या) घालून, दात्यांना रंग फासून ठसा कुठे उमटतो ते पाहत बसवण्याचं हे काम घाईचं नाही.

त्याच 1898 साली हेन्री टिमकेनने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. आडवा दाबही पेलणारं हे बेअरिंग चाकांना फार मानवलं. आडव्या दाबावरून त्याची परीक्षाही होते: डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, आणि तेव्हा घूं-घूं वाढली तर बहुतेक उजवं बेअरिंग गेलेलं असतं. टायरचा आवाज मात्र रस्ता बदलला की बदलतो. मागचे टायर पुढे घातल्यावर आवाजही पुढे गेला, तर बेअरिंगवर खर्च कशाला?

1959 च्या मिनीनंतर पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या वाढत गेल्या. अशा गाडीत मागे डिफरन्शियलच नसतं, तरी ‘डिफरन्शियल वाजतोय’ म्हणणारे भेटतात!

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाजच नाही, त्यामुळे पूर्वी त्यात बुडून जाणारी बेअरिंगची बारीक घरघरही आता कानाला टोचते. तपासायची पद्धत मात्र जुनीच आहे. गाडी घोड्यांवर (गाडी उचलून धरणाऱ्या स्टँडवर) नीट टेकवायची, हँडब्रेक सोडायचा, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायची. बेअरिंग खराब असेल तर कानाला काही कळण्याआधीच बोटांना वाळू दळल्यासारखं जाणवतं.