माहितीचा अर्ज ऑनलाइन झाला, दीडशे शब्दांची अट राहिली

केंद्राच्या कायद्याआधीच महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा केला होता. २००० सालचा पहिला कायदा फारच कमजोर निघाला. आंदोलनं झाली, उपोषणं झाली, मग सुधारित कायदा आला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने त्याची जागा घेतली. त्यातल्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने १७ बाबींची माहिती १२० दिवसांत आपणहून जाहीर करायची होती. पुढची माहितीही इंटरनेटसकट सगळ्या मार्गांनी देत राहायची, म्हणजे लोकांना अर्ज करायची वेळच फारशी येऊ नये. आज कितीतरी संकेतस्थळांवर ‘कलम ४’वर क्लिक केलं की तिरकी स्कॅन केलेली पानं उघडतात आणि त्यावर बदली होऊन गेलेल्या साहेबांचं नाव असतं. म्हणून अर्ज करावाच लागतो.

आणि अर्जालाच २०१२ च्या जानेवारीत राज्याने नियमात बदल करून कात्री लावली. एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारणपणे १५० शब्दांचा. पत्ते त्यात मोजायचे नाहीत. विषय जास्त असतील तर अधिकाऱ्याने पहिल्यापुरतं उत्तर द्यावं, बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगावं. पण ‘एक विषय’ म्हणजे नेमकं काय? गावातल्या रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराची बिलं मागितली, तर मागणाऱ्याच्या लेखी तो एकच रस्ता असतो. टेबलापलीकडून तेच तीन विषय दिसू शकतात. मग तीन अर्ज, तीन वेळा दहा रुपयांचा स्टॅम्प. लांबलचक, गोलमाल अर्जांनी कार्यालयं बेजार होतात, हे त्यामागचं कारण अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच वर्षी केंद्राने ५०० शब्दांची मर्यादा घातली आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही, हेही लिहून ठेवलं. राज्याच्या नियमात तेवढी ओळ नाही.

२०१३ मध्ये केंद्राच्या मंत्रालयांकडे ऑनलाइन अर्ज करायची सोय झाली, पुढे राज्याचंही पोर्टल आलं. स्टॅम्प गेला, अट तशीच राहिली. आपणहून माहिती देण्याच्याच वाटेवर, कायद्यांचे मसुदे निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचं धोरण केंद्राने २०१४ मध्ये ठरवलं. पण ते बंधनकारक नाही, आणि किती मसुदे इंग्रजीच्या पलीकडे जातात हा प्रश्न आहेच.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक कामाशी तिचा संबंध आहे का, हे त्याच कलमात तपासावं लागे. विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही त्याला जोडलेली होती. आता तिथे नकारासाठी ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण उरलंय. व्यापक जनहिताची वाट कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण ते जनहित मोठं की नाही, हे ठरवणार कार्यालयच. रोजगार हमीची हजेरीपत्रकं मजुरांच्या नावांसकट वर्षानुवर्षं इंटरनेटवर दिसत आली आहेत. नावंच झाकली तर कामावर खरोखर कोण होतं, हे गावाने ताडून पाहायचं कसं?