बायबलमधलं रान म्हणजे वाळवंट नव्हे, माळरान

दावीद आणि गल्याथची गोष्ट, म्हणजे मेंढपाळ पोराने धिप्पाड योद्ध्याला पाडल्याची, बऱ्याच जणांना माहिती असते, पण त्यातलं एक छोटं वाक्य सहसा सुटून जातं. दावीद लढाईच्या जागी भावांसाठी भाजलेले दाणे आणि भाकरी घेऊन पोचतो, तर थोरला भाऊ एलियाब त्याच्यावर भडकतो, म्हणतो तू इकडे कशाला आलास, ती चार मेंढरं रानात कोणाच्या भरवशावर सोडलीस? हिब्रूत इथे शब्द आहे मिदबार. आता मिदबार म्हणजे नुसती वाळू असती तर मेंढरं तिथे खाणार काय?

मला वाटतं सगळा घोळ इंग्रजीतल्या डेझर्ट या शब्दाने केलाय. तो ऐकला की डोळ्यासमोर सहारातल्या वाळूच्या टेकड्या येतात. मिदबार हा शब्द बरेच अभ्यासक कळप हाकण्याच्या क्रियापदाशी जोडतात, म्हणजे जिथे गुरंमेंढरं चारायला नेतात ती जमीन. मराठी बायबलमध्ये त्याला ठिकठिकाणी रान किंवा अरण्य म्हटलंय, आणि अरण्य वाचून दाट जंगल डोळ्यासमोर येतं तेही चूकच. रान बरंच जवळ जातं, फक्त आपण शेतालाही रान म्हणतो आणि मिदबार मात्र कधी पेरलेलं नसतं. यिर्मयाच्या पुस्तकात त्याला सरळ 'न पेरलेली जमीन' असंच म्हटलंय. म्हणून माझ्या मते सगळ्यात चपखल शब्द माळरान.

हे रान तिथे का आहे ते समजायला यरुशलेमपासून पूर्वेला निघायचं. शहर साधारण 750 ते 800 मीटर उंचीवर, वर्षाला पाऊस 500 मिलिमीटरच्या वर. तिथून मृत समुद्र जेमतेम 25-30 किलोमीटरवर, पण त्याचं पाणी समुद्रसपाटीच्या 430 मीटरहूनही जास्त खाली, आणि किनाऱ्यावर पाऊस 100 मिलिमीटरसुद्धा होत नाही. पाऊस येतो हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून, ढग डोंगर चढताना थंड होऊन पश्चिमेला बरसतात आणि पलीकडे हवा उतरायला लागली की गरम होते, कोरडी होते, संपला पाऊस. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच, सह्याद्री ओलांडून माणदेशात उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. बेथलेहेम बरोब्बर या उताराच्या काठावर आहे, एका अंगाला गहू-जवाची शेतं आणि दुसऱ्या अंगाला मिदबार, त्यामुळे दावीद मेंढपाळ असणं हा गोष्टीतला नुसता तपशील नाही, त्या गावचा भूगोलच तसा आहे.

आणि हे रान वर्षभर उजाड नसतं. एरवी भुंड्या टेकड्या, पण पाऊस पडला की जमिनीत महिनोन् महिने निजलेलं बी उगवतं आणि थोडे आठवडे उतार हिरवे होतात. तेव्हा कळप तिकडे जायचे आणि उन्हाळ्यात वर कापणी झालेल्या शेतांत उरलेली खुंटं खायला यायचे. योएलच्या पुस्तकात मिदबारातली कुरणं हिरवी झाल्याचं लिहिलंय, ते नुसतं काव्य नाही. शमुवेलाच्या पुस्तकातला नाबाल बघा, याच भागातला, 3000 मेंढरं आणि 1000 शेरडं! एवढं धन ओसाड वाळूवर उभं राहत नाही.

अजून दक्षिणेला नेगेब हा कोरडा प्रदेश. तिथल्या बैर-शेबा गावाला पाऊस साधारण 200 मिलिमीटर, म्हणजे पावसावर जव पिकवायची अगदी शेवटची हद्द. बऱ्या वर्षी लोक पेरतात, दुष्काळ पडला की तीच जमीन परत रान होते, त्यामुळे मिदबारची सीमा नकाशावर एकदाच रेघ मारून दाखवता येत नाही, ती दरवर्षी सरकते. इथली माती वाऱ्याने आणलेल्या बारीक धुळीची, पावसाचे थेंब पडले की वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो, पाणी मुरायच्या ऐवजी धावत सुटतं आणि कोरड्या ओढ्याला अचानक लोंढा येतो. 126 व्या स्तोत्रात लोक देवाला म्हणतात, नेगेबातल्या ओढ्यांसारखं आम्हाला परत भरून आण. आणि बायबलमधला दुःखात सापडलेला ईयोब आपल्या मित्रांना म्हणतो की तुम्ही त्या ओढ्यासारखे आहात, गरजेच्या वेळी आटणारे, ज्याच्या भरवशावर आलेले काफिले फसतात. एकाच ओढ्याची ही दोन रूपं, आणि दोन्ही अगदी खरी.

अर्थात भीती होतीच. सीनायच्या आतल्या भागात पाऊस अजूनच कमी, तिथल्या प्रवासाच्या वर्णनात साप, विंचू आणि तहान येते. आणि एलीया हा संदेष्टा जीव वाचवायला पळतो तो बैर-शेबाहून एक दिवस रानात चालून जातो आणि रोतेमच्या झुडपाखाली मरण मागत झोपतो. रोतेमला पानं नावालाच असतात, सावली विरळ, पण तिथे तीच मिळते.

हा एलीया म्हणजेच कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांचा एलियाहू हनावी, ज्याच्या नावाने ते मलिदा हा आभार मानण्याचा विधी करतात, आणि अलिबागजवळ खंडाळ्याला तो येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. पुढे त्यांच्यातले बरेच जण इस्राएलला गेले, त्यातले कितीतरी दिमोनाला स्थायिक झाले. दिमोना नेगेबमध्ये आहे, बैर-शेबाहून साधारण 35 किलोमीटर, चालत गेलं तर एका दिवसाची वाट.