व्हाल द बान्य : रानातल्या शिळा आणि हिमयुगाची कल्पना

स्वित्झर्लंडच्या नैऋत्येला द्रान्स नदीने व्यापलेल्या व्हाल द बान्य या दरीत, सूचिपर्णी रानाच्या उतारांवर, नदीपात्रापासून बऱ्याच उंचीवर प्रचंड शिळा विसावलेल्या आहेत. त्या जलप्रलयाने वाहून आणल्या, असे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक विद्वान मानत. लूर्तिए गावचा शिकारी ज्याँ-पिएर पेरोदँ याला ते पटत नव्हते. एवढे धोंडे पाण्याला पेलणार नाहीत आणि कठीण खडकावरचे ओरखडे हिमनदीच्याच घर्षणाचे आहेत, अशी त्याची खात्री होती. पूर्वी हिमनदी थेट खाली ऱ्होन नदीकाठच्या मार्तिन्यी गावापर्यंत पोचत असावी, असे त्याने 1815 मध्ये आपल्याकडे मुक्कामाला आलेल्या ज्याँ द शार्पाँत्ये या खाण-संचालकाला सांगितले. शार्पाँत्येला ते विचारातही घेण्याजोगे वाटले नाही.

पुढची कलाटणी, गंमत म्हणजे, एका पुरानेच दिली. ज्येत्रो हिमनदीचा बर्फ कोसळून द्रान्सचा प्रवाह अडला आणि मागे तळे साचले. ते रिकामे करण्यासाठी इग्नात्स व्हेनेट्स या अभियंत्याने बर्फातून बोगदा खणवला. बरेच पाणी निघूनही गेले, तरी 16 जून 1818 रोजी बांध फुटून दरीत मोठी हानी झाली. या दरीशी असा संबंध आलेल्या व्हेनेट्सने पेरोदँचे म्हणणे मनावर घेतले, इतरत्रचे पुरावे तपासले आणि 1829 मध्ये हिमनद्यांच्या जुन्या विस्ताराचा सिद्धांत मांडला. तो खोडून काढायला निघालेला शार्पाँत्ये स्वतःच त्याचा समर्थक झाला. 1836 मध्ये त्याच्याकडे साशंक मनाने आलेल्या निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासीने पुढच्याच वर्षी न्यूशातेल या स्विस शहरात हिमयुगाची कल्पना जाहीरपणे मांडली.

अशा दऱ्यांत रान हे पुरावा झाकते, तसेच जपतेही. उघड्या खडकावरचे बारीक ओरखडे ऊनपावसाने झिजतात, पण माती आणि शेवाळाखाली ते टिकून राहतात. हिमनदीने कडेला लोटलेला गाळ, ज्याला हिमोढ म्हणतात, झाडी वाढल्यावर साध्या टेकाडासारखा दिसतो. मात्र तो खणला की बारीक चिखलापासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सारे एकत्र कालवलेले सापडते. वाहते पाणी गाळ आकारानुसार वेगळा करते, बर्फ तसे करत नाही. विमानातून लेझर किरण सोडून झाडांखालच्या जमिनीचा नकाशा आता काढता येतो, आणि शिळेच्या पृष्ठभागावर साचलेल्या बेरिलियम-10 वरून (अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे खडकात तयार होणारा अणू) ती कधी उघडी पडली याचा अंदाज बांधता येतो.

पेरोदँचा अंदाज एका बाबतीत तोकडाच ठरला. सुमारे 24,000 वर्षांपूर्वी या दरीतला बर्फ मार्तिन्यीजवळ ऱ्होन हिमनदीला मिळत होता, आणि ती हिमनदी तिथून न्यूशातेलच्याही पलीकडे गेली होती.