बॅकअपोत्तर स्वयंचलन

संगणकाने ठरल्या वेळी बॅकअप (माहितीची राखीव प्रत) घेऊन संपवल्यावर त्याला जोडलेल्या उपकरणांची लहानसहान कामे माणसाचा हात न लागता करून घेण्याची योजना. बाहेरची डिस्क थांबवून तिचा वीजपुरवठा तोडणे, माहिती साठवण्याची चुंबकीय टेप बाहेर काढणे, खूण म्हणून दिवा लावणे, शेवटी संगणकच बंद करणे ही त्यांतली नेहमीची कामे. कोकण किनाऱ्यावर यांपैकी पहिल्या कामाला विशेष महत्त्व आहे. तेथे वादळी पाऊस आणि विजेची ये-जा यांमुळे रात्रभर जोडून राहिलेली डिस्क हीच बॅकअपची सर्वांत कच्ची बाजू ठरते.

उगम : या पद्धतीचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. घरातील दिवे व उपकरणे दुरून चालवण्याच्या तंत्राकडे बोट दाखवले, तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने विकसित केलेली एक्स-टेन ही विजेच्या तारांतूनच संदेश पाठवणारी प्रणाली आद्य ठरते. मात्र टेपवर बॅकअप घेण्याच्या रिवाजाशी या पद्धतीचे नाते अधिक जवळचे दिसते. युनिक्स या कार्यप्रणालीतील एमटी या साधनात टेप गुंडाळून ड्राइव्हमधून मोकळी करण्याची आज्ञा आहे. रात्रीच्या कामाच्या शेवटी ती दिली, की सकाळी बाहेर आलेली टेप हीच काम झाल्याची खूण ठरे. ‘आधी काम, मग यंत्राची हालचाल’ हा क्रम त्यातच आहे, तो एक्स-टेनमध्ये नाही.

वेळ लावण्याचे काम करणारा क्रॉन हा प्रोग्रॅम १९७० च्या दशकातील असून १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो आढळतो. टार हे टेपसंग्रहाचे साधनही त्याच आवृत्तीतले. क्रॉन हे नाव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून घडले असे सांगितले जाते, पण त्या शब्दांचे पाठ एकाहून अधिक आहेत आणि ते मागाहून जुळवल्यासारखे वाटतात. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले, ही व्युत्पत्ती अधिक ग्राह्य होय. केन टॉम्पसन यांचा निर्देशही तिकडेच असल्याचे नमूद आहे. पुढे प्रचलित झालेला क्रॉनचा अवतार पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिला. बॅकअपसाठी पुष्कळ ठिकाणी वापरले जाणारे आरसिंक हे फाइलींची नक्कल करणारे साधन अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणले.

क्रॉनला घड्याळ कळते, काम संपल्याचे कळत नाही. म्हणून ‘दोनला बॅकअप, चारला डिस्क बंद’ अशा दोन स्वतंत्र नोंदी करणे धोक्याचे. लग्नसराईत स्टुडिओच्या संगणकावर एका दिवसाचे चित्रीकरण नेहमीच्या कित्येक पट भरते, बॅकअप चारच्या पुढे जातो आणि लिहिणे चालू असतानाच डिस्कची वीज जाते. यंत्रक्रिया घड्याळाला न बांधता बॅकअपच्या निकालाला बांधावी. प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक अंक मागे ठेवतो. शून्य म्हणजे यश. आरसिंकचा २३ म्हणजे काही भाग चुकीमुळे राहिला, २४ म्हणजे नक्कल चालू असताना मूळ फाइली नाहीशा झाल्या. चालू संगणकावर २४ पुष्कळदा निरुपद्रवी असतो, त्यामुळे तो यशात धरावा की नाही हे आधीच ठरवावे लागते. लिनक्सवर कामे सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीमध्ये एक काम यशस्वी झाल्यावरच दुसरे सुरू करण्याची थेट सोय २०२१ च्या २४९ व्या आवृत्तीपासून आहे. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये व्हिस्टापासून एखाद्या घटनेवर काम लावता येते.

वीज तोडण्याचा क्रम : कार्यप्रणाली लिहायचा मजकूर काही काळ स्मृतीत धरून ठेवते. म्हणून प्रथम तो डिस्कवर उतरवणे, मग डिस्क अनमाउंट करणे (संगणकापासून रीतसर सोडवणे), नंतर तबकडी थांबवणे आणि शेवटी वीज तोडणे, हाच क्रम. फिरत्या डिस्कची वीज एकाएकी गेली तर तबकडीच्या उरलेल्या गतीतून मिळणाऱ्या ऊर्जेवर तिचे वाचणारे-लिहिणारे हेड मागे घेतले जाते. ही आणीबाणीची तरतूद आहे. डिस्क आपल्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांत असे प्रसंग बहुधा १९२ क्रमांकाखाली मोजले जातात. तो आकडा रोज वाढत असेल, तर क्रम चुकला आहे असे समजावे.

अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. यूएसबी पोर्टची वीज आज्ञेने तोडता येते, पण हबमध्ये (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या पेटीत) प्रत्येक पोर्टची वीज वेगळी तोडण्याची सोय असेल तरच. कित्येक हब आज्ञा स्वीकारतात आणि वीज चालूच ठेवतात. अडॅप्टरच्या डिस्कसाठी रिले, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारा विजेचा खटका, घालतात. तो २३० व्होल्टच्या बाजूला न घालता १२ व्होल्टच्या बाजूला घालणे घरगुती जोडणीत अधिक सुरक्षित. रिलेचा संपर्क ‘सामान्यतः उघडा’, म्हणजे रिलेला वीज नसताना तुटलेला राहणारा, या प्रकारचा निवडावा. मग वीज गेली की डिस्क बंद होते आणि वीज परत आली तरी संगणकाने सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. जिथे एका तासात चार वेळा लाईट जाते, तिथे हा फरक डिस्कचे आयुष्य वाढवतो.

कोकणातील ऋतुमान : किनाऱ्यावर विजांचा कडकडाट मुख्यतः पावसाच्या दोन टोकांना असतो, रोहिणी-मृगाच्या सुमारास आणि परतीच्या वेळी हस्तात. भर आषाढ-श्रावणात पाऊस मोठा, पण विजा त्या मानाने कमी. तेव्हा त्रास देतात ते तुटलेल्या तारा आणि दमट हवा. रिलेने तोडलेली डिस्क आकाशातल्या विजेपासून सुरक्षित झाली, असे सर्रास मानले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. यूएसबी केबल जोडलेलीच असते, तिच्यातून विजेची लाट येऊ शकते आणि रिलेच्या संपर्कांमधले मिलिमीटरभर अंतर वीज सहज ओलांडते. रिले वीज-जाण्यापासून आणि फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर प्रोग्रॅमपासून वाचवतो. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबल हाताने काढण्याला पर्याय नाही. त्यासाठीच बॅकअपनंतर पेटणारा हिरवा दिवा उपयोगी. तो दिसला, की घरातल्या कोणालाही दुसऱ्याला न विचारता केबल काढता येते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले आणि रायगड, रत्नागिरीत वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. अशा पाण्यापुढे कोणताही रिले निरुपयोगी. तिथे डिस्क वरच्या मजल्यावर आणि आणखी एक प्रत दुसऱ्या गावी हवी. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत अन्यत्र हा सामान्यतः छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावे सांगितला जाणारा नियम येथे लागू पडतो.

खाऱ्या वाऱ्यामुळे उघड्या स्क्रूंवर गंज आणि तांब्याच्या तारेवर हिरवट थर धरतो, म्हणून बंद कवचाचा रिले घेतात. रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटले तर ‘बंद’ची आज्ञा जाऊनही डिस्क चालूच राहते. म्हणून आज्ञेनंतर काही सेकंदांनी डिस्क संगणकाच्या यादीतून खरोखर गेली का हे तपासणारी ओळ लिहितात. हिरवा दिवा त्या तपासणीला जोडतात, आज्ञेला नव्हे.