आकाल, नाफ्सू आणि जिवा: मलयमधले मनाचे शब्द

इंडोनेशियात ईदला लोक एकमेकांना ‘मोहोन माआफ लाहिर बातिन’ म्हणतात. आतून-बाहेरून, सगळ्याचीच माफी. यातला ‘लाहिर’ म्हणजे आपला ‘जाहीर’. अरबीतल्या त्या जड ‘झ’चा मलय, म्हणजे इंडोनेशिया-मलेशियाच्या भाषेच्या, जिभेवर ‘ल’ झाला. ‘हिफ्झ’चंही तेच: पाठ असणं म्हणजे ‘हाफाल’.

हे अरबी शब्द आले तेव्हा जागा काही रिकामी नव्हती. सातव्या शतकातल्या श्रीविजय या सुमात्रातल्या राज्याच्या शिलालेखांतली मलय संस्कृत शब्दांनी भरलेली आहे. जिवा, बुदी, रासा हे त्याच थरातले. भावनांचं घर मात्र देशी: ‘हाती’, म्हणजे मुळात यकृत. मलेशियातला तेरेंगानूचा शिलालेख साधारण १३०३ चा मानतात. त्याची लिपी अरबी, मजकूर इस्लामी कायद्याचा, आणि परमेश्वराला शब्द ‘देवाता मुलिया राया’!

मग अरबीने दिलं काय? माझ्या मते सुट्या शब्दांपेक्षा महत्त्वाची एक जोडी: आकाल आणि नाफ्सू, विवेक आणि वासना. सोळाव्या-सतराव्या शतकात सुमात्रातले हमजा फन्सुरी, अब्दुर्रऊफ सिंकिली हे सूफी मलयमध्ये लिहीत होते. कल्बू (हृदय), रूह (आत्मा), इल्हाम (दैवी प्रेरणा) हा शब्दसंभार अशाच लिखाणातला. पुढे ही जोडी घराघरांत मुरली. १९६० च्या दशकात सुमात्राच्या उत्तर टोकाच्या आचेहमध्ये राहून अभ्यास केलेल्या जेम्स सीगल या मानववंशशास्त्रज्ञाला लोकांची धारणा अशी दिसली, की माणूस नाफ्सू घेऊनच जन्मतो. आकाल मात्र शिकून, नमाज-रोजे पाळून वाढवावी लागते. अर्थात बाजारात आकालचं सोवळं टिकलं नाही. लबाडीला ‘आकाल बुलुस’ म्हणतात, म्हणजे कासवाची अक्कल. आणि ‘आकाल बुदी’ म्हणताना अरबी-संस्कृत एकाच दावणीला बांधतात.

बरेच शब्द फारसी आणि भारतीय व्यापाऱ्यांच्या तोंडून तिकडे पोचले असावेत. ‘निआत’, ‘ताबिआत’ यांच्या शेवटचा ‘त’ फारसी वळणाचा, आपल्या नियत-तबियतीतला. अर्थ मात्र पांगले. आपली तबियत प्रकृतीची, त्यांची स्वभावाची. ‘फिक्र’ची आपण काळजी केली, त्यांनी विचार. तोही मलेशियात ‘फिकिर’, इंडोनेशियात ‘पिकिर’. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी लेखनाचे नियम जुळवून घेतले, तरी हा फरक राहिलाच.

आधुनिक वैद्यकातही संस्कृत-अरबीची ही वाटणी दिसते. इंडोनेशियातल्या मनोरुग्णालयाच्या पाटीवर ‘रुमाह साकित जिवा’ असतं, आणि आतल्या डॉक्टरांच्या भाषेत भ्रमाला ‘वाहाम’ म्हणतात, आपल्या ‘वहीम’चा सख्खा भाऊ.