उद्योगाधारित एम.टेक. प्रबंध (सोलापूर)

अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने कारखान्यातील खरी अडचण विषय म्हणून घेऊन, मोजमाप आणि चाचणी तिथेच करून लिहिलेला प्रबंध. चार सत्रांपैकी शेवटची दोन बहुतांशी त्यासाठी असतात. सोलापुरात चादर-टॉवेलचे यंत्रमाग, फाउंड्री आणि जिल्ह्यातील साखर कारखाने हाताशी असल्याने विषयांची वाण नाही. अडते ते वेळापत्रकात.

साखर कारखान्यात उसाचे गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च चालते. विषय ठरतो पावसाळ्यात, तेव्हा यंत्रे दुरुस्तीसाठी सुटी केलेली असतात. यंत्रात बदल सुचवला तर तो पुढच्या दुरुस्तीत होणार आणि परिणाम त्यानंतरच्या हंगामात दिसणार. तोवर पदवी हाती पडते. त्यामुळे बगॅसचा (रस काढलेल्या उसाच्या चोथ्याचा) ओलावा किंवा बॉयलरचा उष्णता-ताळेबंद असा एका हंगामात संपणारा विषय बरा.

यंत्रमागावर फसगत वेगळीच होते. उन्हाळ्यात कोरड्या हवेने सुती ताण्याचे (कापडातले उभे) धागे जास्त तुटतात; मागाच्या शेडमध्ये ७५ ते ८० टक्के सापेक्ष आर्द्रता लागते. मे महिन्यात जुनी खळ (ताण्याला बळकटीसाठी लावतात ती पेज) आणि जुलैत नवी खळ मोजली, तर पावसाचे श्रेय खळीला जाते. उपाय सोपा आहे: एकाच लॉटचे सूत, एकाच शेडमधले आठ माग, चारांवर जुनी खळ, चारांवर नवी, बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) संपल्यावर अदलाबदल. मोजणीही पुरेशी हवी. मिनिटाला १४० पिक (विणीत पडणारे आडवे धागे) आणि ८० टक्के कार्यक्षमता धरल्यास आठ तासांच्या पाळीत सुमारे ५४ हजार पिक पडतात. लाख पिकांमागे ताण्याच्या धाग्यांच्या १० तुटी धरल्या तर एका मागाच्या एका पाळीत पाचेकच मिळतात. त्यात दोन-तीनचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. प्रत्येक खळीसाठी निदान वीस माग-पाळ्यांची नोंद घ्यावी, आणि तूट सूत, खळ की माग यांपैकी कशामुळे झाली हे तिथल्या तिथे लिहावे. संध्याकाळी आठवून भरलेला तक्ता निरुपयोगी.

मजुरी बहुधा उत्पादनावर असते. चाचणीसाठी माग थांबला की विणकराचे पैसे बुडतात. मग तुटी कमी लिहिल्या जातात. भरपाई कोण देणार हे मालकाशी आधीच ठरवावे.

शेवटी कारखान्याला प्रबंधाची प्रत नव्हे, खळीचे प्रमाण आणि शिजवण्याची वेळ सांगणारा एकपानी तक्ता द्यावा. तोही बादली-किलोच्या मापात. शहराच्या पूर्व भागात अनेक कामगार तेलुगूभाषक आहेत, तिथे तो तेलुगूतही लागतो.